पहिल्याच फेरीत भाच्याचे चार गडी पडले : 'इन्फिनिटी'चं टेबल कसं मांडावं?

कृष्णाकाठची आत्या

नमस्कार मंडळी. इथे 'इन्फिनिटी' खेळणारं कुणी असेल तर मदत हवी आहे. (सैनिकांच्या छोट्या बाहुल्या, म्हणजे 'मिनी', टेबलावर मांडून फाशांनी खेळायचा लढाईचा खेळ.) जरा सविस्तर लिहिते, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली ते तुम्हाला सांगता येईल.

मी सांगलीत हायस्कूलला विज्ञान शिकवते. माझी एक मैत्रीण परदेशातून कायमची परत आली तेव्हा तिने या खेळाची 'ऑपरेशन आइसस्टॉर्म' नावाची न उघडलेली पेटी मला दिली. २०१४ सालची पेटी, दोन टीम, प्रत्येकी सात धातूच्या मिनी. एका बाजूला पॅनओशेनिया, दुसऱ्या बाजूला नोमॅड. अख्खा मे महिना मी आणि माझा भाचा त्या चौदा मिनींवर बसलो होतो. भाचा आठवीत आहे, दर रविवारी सायकलवर यायचा. साच्याच्या रेघा कानशीने घासायच्या, साबणाच्या पाण्यात धुवायच्या, मग हात चिकटवायचे. काही मिनींचे पंजे तांदळाच्या दाण्याएवढे आहेत, चिमट्याशिवाय धरताच येत नाहीत. पॅनओशेनियाची टीम त्याची, म्हणून निळा रंग त्याने लावला. त्याच्या लेफ्टनंटच्या, म्हणजे टीमच्या म्होरक्याच्या, हेल्मेटची काच त्याने तीन हातांत रंगवली : आधी गडद तपकिरी, मग नारिंगी, आणि शेवटी एका कोपऱ्यात पांढरा ठिपका, उजेड पडल्यासारखा. तो ठिपका द्यायला त्याने श्वास रोखून धरला होता.

मग जूनमध्ये पहिला खेळ मांडला. आमचं जेवणाचं टेबल साडेचार बाय तीन फूट. त्यावर चपलांची चार खोकी, चहाचे दोन डबे, बाकी मोकळं. माझ्याकडे नोमॅड. त्याने आधी मिनी मांडल्या, पहिली फेरी मला मिळाली. मी 'मोबाइल ब्रिगाडा' नावाच्या चिलखती मिनीला हेवी मशीनगन देऊन खोक्याच्या छतावर कठड्याआड ठेवलं होतं. त्याने त्याचे तीन फ्युसिलियर, म्हणजे साधे शिपाई, आणि आणखी एक जण उघड्यावर, ओळीत, माझ्याकडे तोंड करून उभे केले होते. त्यांतला पहिला फ्युसिलियरच लेफ्टनंट होता.

माझ्या सगळ्या ऑर्डर, म्हणजे पाळीत मिळणाऱ्या चाली, मी ब्रिगाडावर खर्च केल्या. नियमात बसतं ते. दरवेळी भाचा उलट गोळीबाराचा फासा टाकायचा, दरवेळी हरायचा. चार मिनी पडल्या. लेफ्टनंट सगळ्यात आधी. त्याची पाळी आली तेव्हा तीन जण उरले होते आणि लेफ्टनंट नसल्याने प्रत्येकाची ऑर्डर ज्याची त्यालाच वापरता येत होती. त्याने फासा अलगद डबीत ठेवला आणि म्हणाला, "आत्या, मी अभ्यासाला बसतो."

तेव्हापासून त्याने पेटीला हात लावलेला नाही. विचारलं तर "नंतर बघू" म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत तो दहा दिवस माझ्याकडे येणार आहे. मी मुद्दाम हरणं त्याला लगेच कळेल आणि ते त्याला आवडणार नाही. मला एवढंच हवंय की त्याची पाळी येईपर्यंत त्याच्याकडे खेळायला काहीतरी उरावं. टेबल कसं मांडू? त्याला काय शिकवू? की हा खेळच असा आहे?

वीसबाजू

ताई, खेळ असा नाही. पण मोकळ्या टेबलावर तो असाच होतो, हे मात्र खरं. मी पुण्यात गेली नऊ वर्षं खेळतोय आणि माझाही पहिला डाव जवळपास असाच गेला होता, फक्त मी तुमच्या भाच्याच्या बाजूला होतो.

आधी त्याला एक गोष्ट सांगा : त्याचे फासे वाईट पडले नाहीत. गणितच त्याच्या विरुद्ध होतं. तुम्ही विज्ञानाच्या बाई आहात, म्हणून आकडेच मांडतो.

ब्रिगाडाचा नेम १३. हेवी मशीनगनला १६ ते ३२ इंचांत +३ मिळतात. फ्युसिलियर उघड्यावर, म्हणजे त्याच्या आडोशाची वजाबाकी नाही. वीस बाजूंच्या फाशावर तुम्हाला हवे १६ किंवा कमी, आणि फासे चार. आता त्याच्या बाजूने बघा. फ्युसिलियरचा नेम १२. त्याच्या बंदुकीला, कॉम्बी रायफलला, त्याच अंतरावर −३. ब्रिगाडा कठड्याला चिकटून, म्हणजे आणखी −३. उरले ६. आणि उत्तरादाखल गोळी झाडताना फासा एकच. समोरासमोरच्या फेकीत दोघांपैकी ज्याचा यशस्वी आकडा मोठा तो जिंकतो आणि नेमका आकडा पडला तर क्रिटिकल. हे सगळं कागदावर मांडलं तर तुम्ही शंभरात सुमारे ९५ वेळा जिंकता, तो ४ वेळा, उरलेल्या एका वेळी कुणालाच काही होत नाही. असं चार वेळा लागोपाठ झालं. पोराने कितीही मनापासून फासा टाकला असता तरी तेच झालं असतं.

आता तोच फ्युसिलियर, तीच ब्रिगाडा, पण अंतर १२ इंच आणि दोघंही आडोशाला. त्या अंतरावर मशीनगनला बोनस नाही, तुम्हाला हवे १०. कॉम्बीला मात्र +३, त्याला हवे १२. फासे अजूनही चार विरुद्ध एक. आता तुम्ही सुमारे ६८ वेळा जिंकता, तो २९ वेळा. ४ वरून २९! मिनी बदलली नाही, बंदूक बदलली नाही, फक्त मध्ये भिंत आली आणि अंतर कमी झालं. म्हणून आम्ही म्हणतो की या खेळात टेबल हा तिसरा खेळाडू आहे.

तर टेबल. सांगलीत आहात म्हणजे लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेलच. मी आजही टेबल मांडताना त्याच डोक्याने मांडतो. किल्ला करताना आपण नुसती माती रचत नव्हतो. मावळा कुठून चढेल, पहारेकरी कुठे उभा राहिला तर त्याला दिसेल, चोरवाट कुठे, हे सगळं आपण उकिडवं बसून, गाल जमिनीला टेकवून बघत होतो. तसंच करा. गाल टेबलाला टेकवून मिनीच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. उभं राहून वरून बघितलं की चार खोकीसुद्धा भरगच्च वाटतात, खाली वाकलं की मधली मैदानं दिसतात.

आणि दोरा वापरा. साधा शिवणाचा दोरा. एक टोक तुमच्या मांडणीच्या पट्ट्यात धरा, दुसरं त्याच्या. जिथे जिथे दोरा कशालाही न शिवता सरळ जातो तिथे काहीतरी ठेवा. प्रयोगशाळेत लेझर पॉइंटर असेल तर आणखी चांगलं, आमच्या ग्रुपमध्ये सगळे तोच वापरतात. जमिनीवरून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही मोकळी रेषा नको. एखादी लांब गल्ली मुद्दाम ठेवा, नाहीतर मशीनगनवाल्याला काही कामच उरणार नाही. पण एकच, आणि तीही दोघांना माहीत असलेली. मधोमध एक उंच इमारत हवीच, जिच्या पलीकडचं छतावरूनसुद्धा दिसणार नाही. बाकी जागा मिनीच्या छातीपर्यंत येणाऱ्या भिंतींनी, पिंपांनी, खोक्यांनी भरा. तुमच्या टेबलाएवढ्या जागेवर मी पाच-सहा इमारती आणि पंधरा-वीस बारीक वस्तू ठेवेन. हात घालून मिनी हलवायला जरा अडचण व्हायला लागली की समजा बरोबर मांडलंय.

सामान विकत आणायची गरज नाही. औषधांची खोकी, लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं. शाळेत बंद पडलेले कॉम्प्युटर असतील तर शिपाईमामांना विचारून त्यातले हीट सिंक काढून घ्या. ॲल्युमिनियमच्या त्या पट्ट्या-पट्ट्यांच्या ठोकळ्याला नुसता राखाडी हात मारला की थेट भविष्यातलं जनरेटर दिसतं. मी हजारो रुपयांचं लेझर-कट टेरेन, म्हणजे तयार इमारती आणि भिंती, घेतलंय, पण टेबलावर लोक आधी हात लावतात ते हीट सिंकला.

मग भाच्याला काय शिकवायचं. सगळ्यांना उभं करून मांडू नको, हे पहिलं. मिनी आडवी, म्हणजे पालथी झोपलेली मांडता येते. कठड्याच्या छतावर झोपलेला गडी खालून दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे मरत नाही, आणि मरत नाही म्हणजे त्याची ऑर्डर जिवंत. ऑर्डर हेच या खेळातलं रक्त आहे. प्रत्येक जिवंत मिनी एक ऑर्डर देते आणि ती ऑर्डर दुसऱ्या कुणावरही खर्च करता येते. भाच्याचे चार गडी पडले म्हणजे सातातल्या चार ऑर्डर गेल्या. तिथेच डाव संपला होता.

दुसरं, पहारा. तुमच्या पाळीत तुमची मिनी हलली किंवा तिने काही केलं की तिला बघणारा त्याचा प्रत्येक गडी फुकट प्रतिक्रिया देऊ शकतो. तेच ते एआरओ. पहाऱ्यावर एकटा ठेवला तर तो मशीनगनपुढे टिकत नाही, वर दिलेलं गणित बघा. दोघं ठेवा, दोन वेगळ्या कोनांतून एकाच चौकावर नजर असलेले. मग तुम्हाला चार फासे दोघांत वाटावे लागतात. एकावरच सगळे टाकलेत तर दुसरा निवांत गोळी झाडतो, त्याच्यासमोर कुणीच नसतं. हे कळलं की मूल खेळात येतं, कारण समोरच्याच्या पाळीतही त्यालाच काम असतं. इतर बऱ्याच खेळांत समोरचा खेळत असताना आपण चहा पिऊन येऊ शकतो. इन्फिनिटीत नाही. मला हा खेळ आवडतो तो एवढ्यासाठीच.

तिसरं, लेफ्टनंट. तो कोण आहे हे समोरच्याला सांगायचं नसतं. मुलांना वाटतं की नायक पुढे हवा. त्याला सांगा, राजा गडावर असतो. घरात, दाराआड, कुणाच्याही नजरेत नसलेला.

आणि चौथं, जे बरेच नवे लोक वाचून विसरतात : नाणेफेकीसारखी जी सुरुवातीची फेक असते, त्यात जिंकणाऱ्याला दोन्ही मिळत नाही. पहिली फेरी घ्या किंवा मांडणीचा हक्क घ्या. एक तुमचं, दुसरं त्याचं. तुमच्याकडे पहिली फेरी होती तर त्याने तुम्हाला आधी मांडायला लावायला हवं होतं. तुमची मशीनगन कुठल्या छतावर आहे हे बघून मग आपले गडी ठेवायचे. शिवाय दुसरी फेरी असणारा एक कमांड टोकन (खास हुकमासाठी खर्चायची सोंगटी) देऊन पहिल्या फेरीतल्या तुमच्या दोन ऑर्डर काढून घेऊ शकतो. सातातल्या दोन गेल्या तर ब्रिगाडाची धाव बरीच आखडते.

हे एवढं केलंत तर मुद्दाम हरायची वेळ येणार नाही.

भूमध्यकाठ

वीसबाजूंशी शंभर टक्के सहमत. मी नोकरीनिमित्त बार्सिलोनात असतो. हा खेळच मुळी स्पेनचा, वायव्येकडच्या गालिसिया प्रांतातली 'कॉर्व्हस बेली' ही कंपनी तो बनवते, त्यामुळे इथे दुकानांत शनिवारी टेबलं लागतात. इथल्या जुन्या खेळाडूंची टेबलं बघून मी पहिल्या दिवशी चक्रावलो होतो. शहराच्या गल्लीबोळांसारखी मांडणी, बोट घालायला जागा नाही.

ताई, माझं एकच सांगणं. नुसती मारामारी खेळू नका, मिशन खेळा. 'सप्लाइज' नावाचं एक आहे : मधल्या रेषेवर तीन खोकी ठेवायची, ज्याच्या गड्यांच्या हातात शेवटी जास्त खोकी त्याला जास्त गुण. तीन फेऱ्या झाल्या की खेळ संपला. मी चार गडी गमावून जिंकलोय आणि एकही न गमावता हरलोय. मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण गडी पडला तरी डाव हातात असतो.

आणि भाच्याला एक गंमत सांगा. गोष्टीतली पॅनओशेनिया ही महासत्ता ज्या देशांमधून उभी राहिली त्यात भारत आहे. तुमच्या पेटीतला 'अकाली' कमांडो पगडीवाला शीख आहे, तो थेट आकाशातून उडी घेऊन मैदानात उतरतो. पॅनओशेनियाचीच 'बाघ-मारी' नावाची तुकडी आहे. आणि 'अलेफ' नावाची जी कृत्रिम बुद्धिमत्तेची टीम आहे तिच्यात असुर आहेत, देव आहेत, गरुड, डाकिनी, दस्यू, मरुत आहेत. इथला माझा नेहमीचा प्रतिस्पर्धी अलेफ खेळतो. त्याने एकदा मला विचारलं की मरुत म्हणजे काय. मी त्याला वाऱ्याचे देव, हनुमानाला मारुती का म्हणतात, हे सगळं मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा त्याने मरुतच्या बेसवर, म्हणजे मिनीखालच्या चकतीवर, वाऱ्याने उडालेली पानं चिकटवली होती, बडीशेपेच्या दाण्याएवढी. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

माळरान

मी थोडं वेगळं मत मांडते. वरचं सगळं बरोबर आहे, पण आठवीतल्या मुलाला पहिल्या डावाचा धक्का बसलाय. त्याला परत टेबलाशी आणताना नियमांचं ओझं कमी करा. सात विरुद्ध सात कशाला? चार विरुद्ध चार खेळा. लपलेले गडी, हॅकिंग, आकाशातून उतरणारे, हे सगळं बाजूला ठेवा. चालणं, गोळी झाडणं, आडोसा, एआरओ. एवढंच. पेटीतली मिशनंसुद्धा एकेक नियम वाढवत नेणारी आहेत, ती क्रमाने खेळा. पहिलं मिशन सोडून थेट मोठा डाव मांडलात असं वाटतंय.

मी आणि माझा मुलगा 'स्टारग्रेव्ह'पासून सुरू केलं. २०२१ मध्ये ऑस्प्रेने काढलेला खेळ आहे, त्यातही वीस बाजूंचाच फासा, आणि कुठल्याही कंपनीच्या मिनी चालतात. तुमच्या चौदाच्या चौदा चालतील. त्यात एका खेळाडूची सगळी टीम एकदम खेळत नाही. आधी दोघांचे कॅप्टन आपल्या जवळच्या गड्यांना घेऊन हलतात, मग दोघांचे फर्स्ट मेट, मग उरलेले सैनिक. त्यामुळे हात बांधून मार खात बसायची वेळ कुणावर येत नाही. आम्ही वर्षभर तो खेळलो आणि मग इन्फिनिटीकडे वळलो. मुलगा तोवर टेबल वाचायला शिकला होता.

अजून एक. दिवाळीपर्यंत काही नवीन रंगवणार असाल तर स्प्रे प्रायमर पाऊस पूर्ण थांबल्यावरच मारा. दमट हवेत तो खरखरीत, वाळू लावल्यासारखा बसतो. माझ्या सहा मिनी तशा गेल्या आणि सगळा रंग उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागली. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

कृष्णाकाठची आत्या

तिघांचेही मनापासून आभार. वीसबाजू, ९५ आणि ४ हे आकडे मी तसेच कागदावर लिहून भाच्याला फोनवर वाचून दाखवले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी चुकीच्या जागी उभा होतो." मी म्हटलं, हो, आणि मी चांगल्या जागी. म्हणाला, "दोरा कसला घ्यायचा?"

माळरान, तुम्ही ओळखलंत. पहिलं मिशन आम्ही खरंच सोडलं होतं, मीच घाई केली. स्टारग्रेव्हचं लक्षात ठेवते, पण तो आता याच खेळाचा राग काढायचा म्हणतोय, तर याच खेळाने सुरुवात करू.

एक शंका : मिनीला मागून दिसतं का? आम्ही मागच्या वेळी दिसतं असं धरलं होतं.

वीसबाजू

नाही दिसत. समोरचे १८० अंश, अर्धवर्तुळ. बेसच्या कडेला पुढच्या अर्ध्या भागावर एक रंगाची रेघ ओढून ठेवा, वाद होणार नाहीत. पाठ भिंतीला लावून उभं राहायचं ते याचसाठी. आणि अंतर आधी मोजायचं नाही, कृती जाहीर केल्यावर मोजायचं. भाच्याला टेप हातात घेऊन बसायची सवय असेल तर ती आत्ताच सोडवा, आणि त्याऐवजी वीत वापरून नजरेने अंदाज घ्यायला शिकवा.

कृष्णाकाठची आत्या

कबूल केल्याप्रमाणे दिवाळीनंतरचा अहवाल.

भाचा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. अंगणात धाकट्या शेजाऱ्यांचा किल्ला चालला होता, त्यातली उरलेली लाल माती आणि गोणपाट घेऊन तो थेट जेवणाच्या टेबलाशी गेला. दोन दिवस आम्ही जमिनीवर पंगत मांडून जेवलो. सात इमारती झाल्या. मधली तीन मजली, गोळ्या-औषधांच्या खोक्यांची, वर शाळेतल्या कॉम्प्युटरचा हीट सिंक. बारीक वस्तू मी मोजल्या नाहीत. दोरा निळा घेतला, शिवणाच्या डब्यातला. गाल टेबलाला टेकवून तो पलीकडून ओरडायचा, "आत्या, दिसतेस!" आणि मी एक झाकण सरकवायची. असं तासभर. शेवटी एकच गल्ली उघडी ठेवली, पश्चिमेकडची, खिडकीच्या बाजूची. तिला त्याने नावही दिलंय, पण ते आमच्या दोघांतच.

पेटीतली पहिली दोन मिशनं सकाळी खेळलो. दुपारी 'सप्लाइज', सात विरुद्ध सात. खोकी म्हणून तीन काडेपेट्या. फेक मी जिंकले, पहिली फेरी घेतली. तो म्हणाला, "मग तू आधी मांड." मी ब्रिगाडा दुसऱ्या मजल्यावर ठेवली. त्याने बराच वेळ खाली वाकून बघितलं आणि मग आपले गडी मांडले. मला त्यातले दोनच दिसत होते. नारिंगी काचेचा लेफ्टनंट औषधाच्या खोक्याच्या आत, दाराकडे पाठ करून भिंतीशी. मग टोकन पुढे सरकवून त्याने माझ्या दोन ऑर्डर काढून घेतल्या. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, त्याने इथला प्रतिसाद स्वतः वाचला होता.

पाच ऑर्डर आणि लेफ्टनंटची एक. छतावरून मारण्यासारखं काही दिसेना, म्हणून ब्रिगाडाला खाली उतरवलं. काडेपेटीपर्यंत जायला खिडकीकडची गल्ली ओलांडावी लागणार होती. मला वाटलं, चार इंचांचाच तर प्रश्न आहे. ब्रिगाडा गल्लीत आली आणि भाचा म्हणाला, "एआरओ. दोन." एक फ्युसिलियर भिंतीआडून, आणि दुसरा पाण्याच्या टाकीमागून, जो मला अजिबात दिसला नव्हता. मी तीन फासे भिंतीआडच्यावर टाकले, एक टाकीमागच्यावर. टेप लावली. टाकीपासून चौदा इंच. त्याने मोठ्याने हिशेब केला : "बारा, अधिक तीन, तू उघड्यावर. पंधरा."

भिंतीआडचा पडला. टाकीमागच्याचा फासा घरंगळत टेबलाच्या कडेला, पणतीसाठी ठेवलेल्या वातींच्या पुडक्याला टेकून थांबला. पंधरा. नेमके पंधरा.

क्रिटिकल म्हणजे चिलखताचे फासे मला दोन टाकायचे. दोन्ही गेले. ब्रिगाडाच्या दोन्ही जखमा एकाच गोळीबारात. त्याने ओरडाआरडा केला नाही. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून नुसता उभा होता, आणि मग म्हणाला, "आता माझी पाळी येईल तेव्हा माझ्याकडे सहा ऑर्डर असतील."

सहा होत्या. तिसऱ्या फेरीअखेर माझ्याकडे दोन काडेपेट्या, त्याच्याकडे एक. म्हणजे डाव मीच जिंकले, माझा स्पेक्टर (लपून चालणारा गडी) शेवटच्या ऑर्डरला पोहोचला म्हणून. मला धाकधूक होती. पण त्याने मिनी पेटीत ठेवल्याच नाहीत. हीट सिंकची इमारत उचलून दोन वीत उजवीकडे सरकवली, परत खाली वाकला आणि मला दोरा धरायला सांगितला. भाऊबीजेपर्यंत आणखी चार डाव झाले. तीन त्याने जिंकले.

भूमध्यकाठ, तुमची अकाली कमांडोची गोष्ट त्याला सांगितली. पुढच्या डावात त्याने त्यालाच आकाशातून माझ्या पाठीमागे उतरवलं. आता त्याला बाघ-मारी हवेत. वाढदिवस फेब्रुवारीत आहे.

आणि वीसबाजू, एक अडलंय. माझा स्पेक्टर टेबलावर मिनी म्हणून नाही तर कॅमोफ्लाजचं टोकन म्हणून, म्हणजे कोण आहे ते न दाखवणाऱ्या सोंगटीच्या रूपात, चालत असताना भाच्याच्या दोघांसमोरून गेला. एकाने 'शोध' जाहीर केला, दुसऱ्याने थांबायचं ठरवलं. शोधणाऱ्याचा फासा चुकला आणि मग मी गोळी झाडली. थांबलेल्या दुसऱ्याला तेव्हा उत्तर देता येतं ना? आम्ही येतं असं धरून खेळलो, आणि त्यात स्पेक्टर गेला. बरोबर खेळलो का, तेवढं सांगा. तो पुढच्या शनिवारी येतोय.